ऐपत, दानत आणि संगणक



शाळेला दोन खोल्या वाढवायच्या आहेत, ग्रंथालयाला जागा हवी आहे, किंवा वसतिगृहाचे छप्पर गळते आहे. अशा वेळी गावातली चार जाणती मंडळी एकत्र बसतात आणि पहिला प्रश्न निघतो तो असा, की पैसे मागायचे कोणाकडे? मग नावे निघू लागतात. कोणी म्हणतो, "त्यांचा मुंबईला कारखाना आहे." दुसरा म्हणतो, "आहे खरा, पण हात सुटत नाही." तिसरा म्हणतो, "अहो, पण याच शाळेत शिकले ना ते? एकदा भेटून तर पाहू." देणगी गोळा करण्याच्या कामातल्या तीनही मुख्य गोष्टी या तीन वाक्यांत आल्या. पहिली ऐपत, दुसरी दानत आणि तिसरी जिव्हाळा.

अमेरिकेत ही बैठक आता बरीचशी संगणकापुढे भरते. तेथील विद्यापीठे, इस्पितळे, संग्रहालये यांचा मोठा भार देणग्यांवर असतो, आणि कोणाकडून किती मिळण्याजोगे आहे याचा शोध घेण्यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात. त्यांच्या हाताशी जे सॉफ्टवेअर असते त्याला तिकडे 'वेल्थ स्क्रीनिंग' म्हणतात. आपण त्याला ऐपतीची चाळणी म्हणू. या चाळणीविषयी लोक जे प्रश्न विचारतात त्यांचा आज थोडा विचार करू.

पहिला प्रश्न साहजिकच असा, की हे चालते कसे?

समजा एखाद्या कॉलेजाजवळ पाच हजार माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. नाव, पत्ता आणि आजवर दिलेली देणगी, एवढेच त्यात आहे. ही यादी सॉफ्टवेअरला दिली, की ते प्रत्येक नाव निरनिराळ्या नोंदींशी ताडून पाहते. या नावावर कोठे घर आहे काय, कंपनीचे शेअर आहेत काय, हा गृहस्थ कोणत्या संस्थेचा विश्वस्त आहे काय, दुसऱ्या कोणाला त्याने देणगी दिली आहे काय. जे जुळेल ते एकत्र करून प्रत्येक नावापुढे ते काही गुण मांडते आणि हा माणूस साधारण पाच वर्षांत मिळून किती देऊ शकेल याचा एक अंदाज लिहिते. पाच हजारांतून मग दोनशे नावे वर येतात. त्या दोनशेंची माहिती माणसे पुन्हा तपासतात, आणि अखेर चाळीस-पन्नास जणांची गाठ घ्यावयाची ठरते. म्हणजे चाळणीचे काम निवडण्याचे नव्हे, कोठून निवडायला सुरुवात करावी ते सांगण्याचे. धान्य चाळले म्हणून खडे वेचायचे थोडेच चुकतात!

दुसरा प्रश्न असा, की ही माहिती येते कोठून? लोकांच्या बँकेतले आकडे काढतात की काय?

नाही. बँकेतील शिल्लक आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे तिकडेही गुप्तच असतात. परंतु अमेरिकेत पुष्कळ नोंदी कायद्यानेच सर्वांना खुल्या आहेत. घराचे सरकारी मूल्यांकन तेथील काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत पाहता येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि दहा टक्क्यांहून अधिक भाग असलेले भागीदार यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले किंवा विकले, तर कामकाजाच्या दोन दिवसांत ते जाहीर करावे लागते. धर्मादाय संस्थांची वार्षिक विवरणपत्रे खुली असतात. खाजगी प्रतिष्ठानांनी कोणाला किती अनुदान दिले, हेही त्यांच्या विवरणपत्रांत असते. संघराज्याच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराला दोनशे डॉलरांहून अधिक वर्गणी दिली, तर देणाऱ्याचे नाव, पत्ता आणि व्यवसाय यांची नोंद होते. मात्र या शेवटच्या नोंदीबद्दल कायदा असेही बजावतो, की तीतील नावे घेऊन वर्गणी मागू नये आणि व्यापारही करू नये. तेव्हा माहिती उघड असली म्हणजे तिचा वाटेल तसा वापर करण्याची मुभा मिळाली असे होत नाही. ही गोष्ट आपणही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिसरा प्रश्न. संगणकाने काढलेला आकडा खरा मानावा काय?

येथे मात्र फार जपून चालावे लागते. पहिली अडचण नावांची. आपल्याकडे एका तालुक्यात एकाच नावाचे दहा पाटील आणि दहा जाधव निघतात, तसेच तिकडे स्मिथ आणि जॉन्सन. एकाचा बंगला दुसऱ्याच्या नावावर चढला, की अंदाज कोठच्या कोठे जातो. म्हणून चांगले सॉफ्टवेअर प्रत्येक जुळणीपुढे ती कितपत भरवशाची आहे हेही दाखवते. ज्याने ते वाचले नाही त्याने अर्धेच वाचले असे समजावे.

दुसरी अडचण अशी, की घर दिसते पण कर्ज दरवेळी हिशेबात धरले जातेच असे नाही. दहा लाख डॉलरांच्या घरावर आठ लाखांचे कर्ज असेल, तर मालकाचे त्यात दोनच लाख. आपल्या शेतकरी बंधूंना हे फोड करून सांगायला नको. सातबारावर नाव आहे म्हणून जमीन एकट्याची होत नाही. त्यात भावांचे, बहिणींचे हिस्से असतात, आणि 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा बसलेला असतो. शिवाय म्हातारे आईबाप, मुलांची शिक्षणे, घरातले दुखणे, हे कोणत्याच दप्तरात सापडत नाही. उलट ज्याचा धंदा खाजगी आहे, पैसा बँकेत आहे आणि राहणी साधी आहे, असा खरोखरीचा सधन माणूस या चाळणीतून अलगद खाली पडतो.

यावरून चौथा प्रश्न निघतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याच्याजवळ आहे तो देतोच काय, आणि ज्याच्याजवळ दिसत नाही तो देत नाही काय?

अमेरिकेतल्याच दोन हकिगती सांगतो. मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग नावाचे गाव आहे. तेथे ओसिओला मकार्टी नावाची एक निग्रो बाई, ज्यांना आज आफ्रिकन-अमेरिकन म्हणतात त्या समाजातील, लोकांचे कपडे धुऊन आणि इस्त्री करून पोट भरीत असे. घरच्या आजारपणामुळे सहावीतच तिची शाळा सुटली होती. तिने आयुष्यभर थोडे थोडे बँकेत टाकले. १९९५ साली तिने जाहीर केले, की आपल्या शिलकीतले दीड लाख डॉलर गावातल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठाला, गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी द्यावयाचे. सारा देश चकित झाला. दुसरी हकिगत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावची. रोनाल्ड रीड हे गृहस्थ आधी पेट्रोल पंपावर आणि नंतर एका दुकानात झाडलोटीच्या कामावर होते. २०१४ मध्ये ते वारले, तेव्हा कळले, की जन्मभर शेअर जमवून त्यांनी लक्षावधी डॉलर गाठीस लावले होते. त्यांतले सुमारे ४८ लाख गावच्या इस्पितळाला आणि १२ लाख ग्रंथालयाला त्यांनी मृत्युपत्राने दिले.

आता सांगा, कपडे धुणाऱ्या बाईचे आणि झाडलोट करणाऱ्या गृहस्थाचे नाव कोणती चाळणी वर काढील?

आपल्याकडेही याचा दाखला आहे. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली. ते गिरणीमालक होते. त्यांची ऐपत ओळखायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती. परंतु त्यांच्यापाशी पोचण्याआधी कर्व्यांनी वर्षानुवर्षे दारोदार फिरून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या होत्या, आणि कामावरचा लोकांचा विश्वास त्यांतून उभा राहिला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मूठ मूठ धान्य घरोघरून जमले, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. तेव्हा मोठ्या देणगीसाठी शोध जरूर घ्यावा, पण त्या नादात मुठीचे दान मोजायचे विसरू नये. अनुभवी अमेरिकन कार्यकर्तेही हेच सांगतात, की ज्याने लहानशी का होईना पण सालोसाल नेमाने देणगी दिली आहे, त्याच्याकडे पहिल्यांदा जावे.

पाचवा प्रश्न. एखाद्याच्या पाठीमागे त्याची ऐपत मोजावी, हे बरे आहे काय?

याबाबत निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटनमध्ये माहितीच्या रक्षणासाठी एक सरकारी आयुक्त आहे. डिसेंबर २०१६ मध्ये त्या आयुक्तांनी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका प्रसिद्ध संस्थेला २५ हजार पौंड आणि हृदयरोगासाठी काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला १८ हजार पौंड दंड केला. एप्रिल २०१७ मध्ये आणखी अकरा संस्थांना दंड झाला. देणगीदारांना न सांगता त्यांची ऐपत तपासली, हा या प्रकरणांतला एक मुख्य आरोप होता. ध्यानात घ्या, चाळणी वापरली म्हणून दंड झाला नाही, सांगितले नाही म्हणून झाला.

अमेरिकेत इस्पितळे आपल्या रुग्णांचीही नावे चाळतात. तेथील २०१३ च्या नियमाप्रमाणे रुग्णावर कोणत्या विभागात आणि कोणत्या डॉक्टरने उपचार केले, एवढी माहिती देणगीच्या कामी वापरता येते. रोगाचे निदान मात्र रुग्णाच्या परवानगीवाचून वापरता येत नाही, आणि "मला पुन्हा विचारू नका" असे सांगण्याचा हक्क रुग्णाला द्यावा लागतो. कायद्यात बसले तरी मनाला प्रश्न पडतोच. आजारी माणूस खाटेवर पडला असताना त्याच्या घराची किंमत पाहावी काय?

माहिती साठवली, की ती सांभाळण्याची जोखीमही येते. ब्लॅकबॉड ही देणगीदारांची माहिती सांभाळणारी मोठी अमेरिकन कंपनी. २०२० मध्ये तिच्या संगणकांत चोर शिरले आणि हजारो संस्थांच्या देणगीदारांची माहिती बाहेर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांच्याशी ४ कोटी ९५ लाख डॉलरांची तडजोड कंपनीला करावी लागली. देणगी देणाऱ्यांनी मात्र कसला गुन्हा केला होता? त्यांनी विश्वासाने पैसे दिले होते, एवढेच.

शेवटचा प्रश्न आपल्या घरचा. आमच्या शाळेला हे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल काय?

बहुतेक शाळांना नको. एक तर ते अमेरिकेच्या दप्तरांवर बेतलेले असते, आणि दुसरे म्हणजे शे-दोनशे नावांसाठी एवढा खर्च परवडणार नाही. त्यापेक्षा गुरुजींची वही अधिक कामाची. माजी विद्यार्थ्यांची नावे, शाळा सोडल्याचे साल, आज कोठे असतात, शाळेशी कोण संबंध ठेवून आहे, मागे कोणी काय दिले आणि त्याचे आभार मानले की नाही, एवढे त्या वहीत असले म्हणजे पुष्कळ झाले. कंपन्यांकडे जावयाचे असेल, तर त्यांच्या वार्षिक अहवालात सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची माहिती छापलेली असते. ती वाचून मगच अर्ज करावा.

परदेशी असलेल्या विद्यार्थ्यांबाबत एक गोष्ट मात्र नीट पाहावी. भारतीय नागरिक तिकडे नोकरीला असेल आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पैसे पाठवील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी परदेशी ठरते, आणि ती घेण्यासाठी संस्थेला २०१० च्या परकीय वर्गणी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. तेव्हा पैसे आल्यावर धावपळ करण्याऐवजी आधी विचारलेले बरे.

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशातही २०२३ मध्ये झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायद्याची कलमे वकील सांगतील. शिक्षकांनी व चिटणीसांनी रोजच्या कामात एक साधी कसोटी लावावी. वहीत एखाद्याविषयी जे लिहाल, ते तो माणूस समोर बसला असता मोठ्याने वाचून दाखवता येईल काय? येत असेल तर खुशाल लिहा. "घरात भांडण आहे, मुलगा नाही, तेव्हा जमीन शाळेला मिळेल" असले काही लिहावेसे वाटले, तर लेखणी खाली ठेवा. कोणाची जमीन, पगार किंवा घरची स्थिती समजली, तर ती चावडीवर बोलू नका. वही कुलपात ठेवा. जो म्हणेल, "गुरुजी, यंदा जमायचे नाही," त्याच्या नावापुढे तसे लिहा आणि त्याला स्नेहसंमेलनाचे आमंत्रण मात्र न चुकता धाडा.

मंडळी, येत्या सुट्टीत शाळेचे जुने पट काढून अशी वही सुरू करावयास हरकत नाही. वरच्या वर्गातली मुले पत्ते शोधण्याच्या कामी आनंदाने मदत करतील. पहिले पत्र पाठवाल त्यात पैसे मागू नका. शाळेचे काय चालले आहे ते कळवा आणि त्यांची खुशाली विचारा.