महेश्वरचा माग खड्ड्यातून वर का आला?

इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद किलोमीटर. सहलीला गेलो की आपण किल्ला पाहतो, घाटावर नर्मदेत पाय बुडवतो आणि परततो. पुढच्या खेपेस एखाद्या विणकराच्या घरातही डोकावून या. मागाची खटखट बाहेरूनच ऐकू येते.

अहिल्याबाईंनी (कारकीर्द १७६७ ते १७९५) महेश्वरला राजधानी नेली आणि दूरदूरचे विणकर आणून तेथे वसवले. भेट द्यायची पागोटी आणि नऊवारी लुगडी तेथेच विणली जात, असे सांगतात. जुना माग खड्ड्याचा. विणकर जमिनीवर बसून पाय खड्ड्यात सोडी आणि पायाखालच्या फळ्या आळीपाळीने दाबी. फळी दाबली की ताण्याचे, म्हणजे उभे धागे काही वर उचलले जातात, काही खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा बाण्याचा आडवा धागा घेऊन जातो आणि फणी तो धागा ठोकून बसवते. विणकाम म्हणजे मुळात एवढेच! पण एका साडीत हे हजारो वेळा करायचे असते.

खड्डा गरिबीमुळे, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. लाकूड कमी लागते हे खरेच, पण खुंट जमिनीत रोवलेले असल्याने माग हलत नाही. शिवाय ताणा जमिनीलगत राहतो आणि मातीतल्या ओलाव्याने धागा नरम राहून कमी तुटतो. निमाडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा ओलावा फार मोलाचा. पावसाळ्यात मात्र त्याच खड्ड्यात पाणी झिरपते आणि काम अडते.

पूर्वी धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत. त्यामुळे कापडाचा पन्हा हातांच्या पोचेएवढाच. इंग्लंडच्या जॉन के याने १७३३ साली दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला. पुढे तो आपल्याकडेही आला आणि खड्ड्याच्या मागालाही बसला.

चौकटीचा माग फरशीवर उभा राहतो. त्याची चौकट जड असावी लागते, नाहीतर फणीच्या ठोक्यांनी तोच डगमगेल. त्यामुळे खर्च वाढतो. पण विणणारी बाकावर सरळ बसते, खोली कोरडी राहते, माग उलगडून दुसरीकडे नेता येतो. १९७८ साली महेश्वरला रेवा सोसायटी निघाली आणि बायकांना विणकामाचे काम मिळू लागले. दिवसभर बसणाऱ्या बाईच्या पाठीला बाक किती सोयीचा, हे घरच्या बायकांना विचारा!

मागाच्या डोक्यावर खुंट्या ठोकलेल्या पट्ट्यांची माळ दिसेल. तिला डॉबी म्हणतात. कोणते धागे उचलायचे ते या खुंट्या ठरवतात आणि काठावरची नक्षी उमटते. माळ बदलली की नक्षी बदलली.

ताणा संपला की नव्या ताण्याचे प्रत्येक टोक जुन्या धाग्याला बोटांनी पीळ देऊन जोडावे लागते. तुम्ही गेलात तेव्हा हे काम चालू असेल, तर थोडे थांबून अवश्य पाहा.