क्रमांक लपविण्याचे प्रकार

चौकातील कॅमेऱ्याची नजर चुकविण्यासाठी दुचाकीची मागील पाटी वर दुमडणे, तिच्यावर चिखल थापणे, एखादा अंक चिकटपट्टीने बदलणे किंवा ४१४१ या क्रमांकाला ‘दादा’चे वळण देऊन रंगविणे, हे प्रकार आपल्या शहरांत सर्रास आढळतात.

वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या ५१व्या नियमाने मोटारीच्या पाटीवरील अक्षरांची व अंकांची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर अशी मुक्रर केलेली असून, १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या वाहनांना अॅल्युमिनियमची उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. या पाटीवर अशोकचक्राचे होलोग्राम आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो. तिचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा उपयोगी पडत नाही. आणि तिचा पृष्ठभाग प्रकाश परावर्तित करीत असल्याने रात्रीही अंक स्पष्ट वाचता येतात.

बदललेल्या क्रमांकाचा दंड भलत्याच निरपराध मालकाच्या नावे जातो, आणि धडक देऊन पळालेल्या वाहनाचा माग लागत नाही तेव्हा जखमी पादचाऱ्याची फिर्याद पुराव्याअभावी दप्तरातच पडून राहते. म्हणून स्वच्छ, सुवाच्य पाटी बाळगणे हे प्रत्येक वाहनधारकाचे नागरी कर्तव्यच होय.