परसातली झाडं – लेखांक 9 : खोडावर उगवलंय ते काय?

श्रावण सरत आला की परसातल्या एखाद्या तरी खोडावर काहीतरी उगवलेलं दिसतंच. कुठे राखाडी पापुद्रे, कुठे पांढऱ्या पंख्यांची ओळ, कुठे बुंध्यालगत तपकिरी फळी. घरातलं कुणीतरी कोयत्याने ते खरवडून टाकतं, नाहीतर ‘पावसाळ्यात यायचंच’ म्हणून सोडून देतं. दोन्ही घाईचं. रंगरूपाआधी जागा बघावी : ते पानावर आहे, सालीवर आहे, वाळक्या फांदीवर आहे की बुंध्याशी?

निरुपद्रवी मंडळी आधी बाजूला काढू. आंब्याच्या सालीवरचे हिरवट-राखाडी, कडेला मुडपलेले पापुद्रे म्हणजे दगडफूल. गोड्या मसाल्यात पडतं त्याच गोतावळ्यातलं. त्यात बुरशी असते खरी, पण तिचं अन्न सोबतचं शैवाल उजेडावर तयार करतं. झाडाची साल नुसती बसायला. झाड खंगून पानं विरळ झाली की खोडावर ऊन जास्त पडतं, दगडफूल फोफावतं आणि खंगण्याचा आळ त्याच्यावरच येतो. आंब्याच्या पानांवरची काजळीही तशीच वरवरची. तुडतुड्यांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर ती वाढते. तुडतुडे आवरा, काजळी आपोआप कमी होते.

आंब्या-फणसाच्या फांदीवर भर पावसात गुलाबीसर पांढरा थर चढला असेल, तर मात्र वाट पाहू नये. हा गुलाबी रोग. तो साल मारतो आणि पुढची फांदी वाळते. निरोगी लाकडापर्यंत मागे येऊन फांदी कापावी, जाळून टाकावी आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी.

वाळक्या फांदीवरचे छोटे, लवदार, पांढरट पंखे सगळ्यांच्या पाहण्यातले. उलटे करून पाहिले तर खालच्या पात्या मधोमध चिरलेल्या दिसतात. उन्हात आक्रसतात, पावसाची सर आली की पुन्हा उमलतात. मेलेलं लाकूड खाणं हे त्यांचं काम, करू द्यावं. हेच पंखे जित्या खोडावर आले, तर तेवढ्या पट्ट्यातली साल उन्हाने किंवा घावाने मेली आहे असं समजावं.

कोकणात आणि गोव्यात जुन्या फणसावर खुराच्या आकाराची, लाकडासारखी टणक बुरशी येते, तो फणसोंबा. दरवर्षी खालून नवा थर चढवत ती वर्षानुवर्षं टिकते. सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या तोंडाला लावायची जुनी चाल आहे. मला त्यात एवढंच म्हणायचंय, की दिसेल त्या झाडावरची टणक बुरशी फणसोंबा समजून उगाळू नये. एकसारख्या दिसणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. फणसाच्या दृष्टीने तो आतलं लाकूड कुजत असल्याचा पुरावा. गाभा मेलेलाच असतो, जिती वाहतूक सालीलगत चालते, म्हणून असं झाड पुढेही फळतं.

खरी काळजी बुंध्याची. जमिनीलगत, उघड्या मुळांवर लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत तांबूस-तपकिरी फळी दिसली, वाढती कड पांढरी असली आणि आसपासच्या पानांवर कोको पावडरीसारखी धूळ बसली असली, तर बहुधा गॅनोडर्मा. शहरातल्या गुलमोहराला हा हमखास गाठतो. नारळालाही लागतो, त्याच्या बुंध्यातून तपकिरी द्रव पाझरतो. तमिळनाडूत तंजावर भागात 1952 साली या रोगाची नोंद झाली, म्हणून त्याला ‘तंजावर मर’ही म्हणतात. फळी हे बुरशीचं फळ. आंबे उतरवले म्हणून झाड जात नाही, तसं फळी खरवडून आतले धागे जात नाहीत. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन ते पचवतात, लाकूड पांढरट, स्पंजासारखं होतं आणि वर हिरवा डोलारा तसाच असताना मुळांचा आधार गेलेला असतो. मुळाशी मूळ भिडलं की शेजारच्या झाडालाही लागण होते.

बुंध्यावर लाकडी हातोडीने ठोकून पाहावं. पोकळ आवाज, नवा कल, एका बाजूची माती उचललेली, यांतलं काहीही दिसलं तर झाडाखाली गाडी लावणं बंद. ही बुरशी शिरते ती बहुतेकदा आपणच केलेल्या वाटेने : पाइपासाठी तोडलेली मुळं, गवत कापताना बुंध्याला बसलेले घाव. त्यावर बुंध्यापर्यंत फरशी घातली की मुळं आणखी दुबळी होतात. आतून पोखरलेल्या झाडावर औषध ओतून लाकूड परत येत नाही. जाणकाराकडून तपासून डोलारा हलका करायचा की झाड काढायचं, ते ठरवावं. शहरात झाड आपल्या अंगणातलं असलं तरी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जासोबत बुंध्याचे आणि फळीचे जवळून काढलेले फोटो जोडावेत, फळी खरवडण्याआधीचे.

पुढच्या लेखांकात : बांडगूळ.