कडक जमिनीत तंबूची खुंटी टिकत का नाही? खरी मेख इथे आहे!

एप्रिल-मे महिन्यात पहिला वळीव आला की सोशल मीडियावर एक व्हिडिओ हमखास फिरतो. मांडव किंवा कॅम्पिंगचा तंबू हवेत उचलला जातोय आणि चार-पाच जण खांबांना लोंबकळतायत. खाली हसण्याच्या इमोजींची रांग.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 23 जून 2019 ला राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावात कथेचा मंडप वादळात कोसळला आणि किमान 14 जणांचा जीव गेला. त्यामुळे तंबू असो, अंगणातली ताडपत्री असो की स्टॉलचं छत, ते जमिनीला नीट धरून आहे का हे आधीच बघितलेलं बरं.

वाऱ्यात एवढा जोर येतो कुठून?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. 10 बाय 10 फुटांचं कापड वाऱ्याला आडवं धरलं, तर ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण 58 किलोंचा जोर येतो. वारा ताशी 72 किलोमीटर झाला की तोच आकडा 230 किलोंच्या आसपास जातो. हा सगळा भार दोऱ्यांवरून शेवटी खुंट्यांवर येतो.

मग कडक जमीन तर चांगलीच ना?

खुंटी पूर्ण आत गेली तर हो. अडचण तिथेच आहे. सह्याद्रीच्या पठारांवर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ असतो आणि खाली काळा बसाल्ट. कोकणातल्या सड्यावर जांभा लागतो. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. तंबूसोबत मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची बारीक खुंटी अशा जमिनीत अर्धी जाते आणि वाकते. ती घट्ट वाटते, पण दोरी वर उरलेल्या टोकाला बांधली की दोरी ओढली जाताना खुंटी पहारीसारखी काम करते आणि स्वतःलाच उपटून काढते.

खुंटी ठोकायची कशी?

1. खुंटी बदला. मुरमाड जमिनीत जाड लोखंडी खुंटी किंवा टोक काढलेली 10-12 मिलिमीटरची सळई वापरा. सळईचं वरचं टोक झाकून ठेवा, नाहीतर अंधारात कुणाच्या तरी पायात जाईल.

2. आधी भोक पाडा. पहारीने किंवा ड्रिलने खुंटीपेक्षा किंचित बारीक भोक पाडा. भोक मोठं झालं तर खुंटी हलते. दगडाने ठोकू नका, कपच्या डोळ्यात उडतात. हातोडा आणि गॉगल वापरा.

3. वाळलेल्या काळ्या मातीवर थोडं पाणी ओता आणि मुरू द्या. पण चिखल करू नका. तीच माती पूर्ण भिजली की खुंटी सोडून देते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक खुंटी पुन्हा तपासा.

4. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला थोडं कललेलं ठेवा आणि दोरी अगदी जमिनीलगत बांधा.

5. एक खुंटी पुरत नसेल तर तिच्या मागे, त्याच रेषेत, दुसरी ठोकून दोन्ही दोरीने जोडा.

शेवटी दोरी जोरात ओढून बघा. खुंटी जराही हलली तर जागा बदला.

आणि खाली नुसता कातळच असेल तर?

तिथे ठोकाठोकी सोडा. दोरी मोठ्या दगडाला बांधा किंवा वाळूच्या गोण्या लावा. पाण्याचा 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो. चार कोपऱ्यांना चार कॅन लावले तरी झाले 80 किलो. वरचा 230 चा आकडा आठवा. म्हणजे साध्या वाऱ्यात हे चालेल, वादळात नाही.

काही ठिकाणी तर ठोकणं थेट गुन्हा ठरू शकतो. संरक्षित किल्ल्याच्या बांधकामाचं नुकसान केलं तर 1958 च्या पुरातत्त्व कायद्यानुसार 2 वर्षांपर्यंत तुरुंगवास, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. मातीखाली झाकलेल्या चित्रावर पहार बसली तर ते पुन्हा भरून येणार नाही. शहरात रस्त्याखाली विजेची केबल आणि पाण्याची लाइन असते, त्यामुळे परवानगी न घेता खड्डा करणं जिवावर बेतू शकतं.

निघताना खुंट्या हिसडून काढू नका. दोन्ही बाजूंना फिरवून सैल करा, मग उपसा. आणि भोकं बुजवा, गुरांचे पाय त्यात अडकतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. आभाळ भरून आलं, धूळ उठली आणि खुंट्यांचा भरवसा वाटेना, तर खांब धरून उभं राहू नका. वेळ असेल तर कापड खाली उतरवा, नसेल तर माणसांना पक्क्या छताखाली न्या. ताडपत्री नवी मिळते.