जुन्या पिकअपचा गेलेला दम कमी खर्चात कसा परत मिळवावा?

बंगळूर शहराच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर होसकोटे हे तालुक्याचे ठिकाण आहे. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीमुळे मराठी वाचकांना हे नाव अपरिचित नाही. याच तालुक्यात १९९८ पासून व्होल्वो कंपनीचा ट्रकचा कारखाना असून तेथून शेकडो अश्वशक्तीची वाहने बाहेर पडतात. त्याच परिसरात टोमॅटो, भाजीपाला, विटा आणि सिमेंट वाहणाऱ्या लहान पिकअप गाड्यांची इंजिने मात्र चार सिलिंडरची, साठ-सत्तर अश्वशक्तीची आणि पुष्कळदा दहा-पंधरा वर्षे वापरलेली असतात.

अशा गाडीच्या मालकाची तक्रार होसकोट्यात असो वा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, सारखीच असते. गाडी चढाला ओढत नाही, नवी गाडी घेण्याइतका पैसा नाही, तेव्हा थोडक्या खर्चात ताकद वाढवता येईल का? याचे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. जुन्या इंजिनात कमी खर्चात मिळणारी ताकद ही बहुधा नवी नसते. ती वर्षानुवर्षे हळूहळू हरवलेली मूळचीच ताकद असते.

ही इंजिने कोणती?

टाटा कंपनीने १९८८ मध्ये पुण्यात तयार केलेली ‘मोबाइल २०६’ ही तिची पहिली पिकअप. तिच्या मागून २०७ आणि पुढे २९५६ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची २०७ डीआय रस्त्यावर आली. महिंद्राच्या जुन्या जीप व पिकअप गाड्यांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन असे. नंतरच्या बोलेरो पिकअपमध्ये २५२३ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६३ अश्वशक्तीचे इंजिन आले. महिंद्राचा इंजिन कारखाना इगतपुरीला, म्हणजे कसारा घाटाच्या माथ्यावरच आहे.

या इंजिनांची रचना साधी आणि मजबूत आहे. सुटे भाग सहज मिळतात आणि ती उलगडून पुन्हा बांधणारे कारागीरही गावोगावी आहेत. त्यामुळे जुन्या गाडीवर थोडा खर्च करणे अनेकदा व्यवहार्य ठरते.

प्रश्न हवेचा

डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल जळते यावर आणि तेवढे जाळण्यास पुरेशी हवा मिळते की नाही यावर अवलंबून असते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात धूर न करता जाळायचे तर त्याहून बरीच अधिक. हवा कमी पडली की उरलेले डिझेल काजळी होऊन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

होसकोटे समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथील हवा चेन्नईच्या किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे आठ ते नऊ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो असलेल्या इंजिनाला ही तूट बरीचशी भरून काढता येते. म्हणून चेन्नईत ठीक चालणारी गाडी चित्तूरहून मोगिली घाट चढून पठारावर आली की जड वाटते, यात नवल नाही. इंजिन आधीच थकलेले असेल तर हा फरक अधिकच जाणवतो.

आधी मोजमाप, मग खर्च

दुरुस्तीपूर्वी गाडीची ओढ मोजून ठेवावी. यासाठी यंत्राची गरज नाही. रहदारी कमी असलेला एक ठरावीक चढ, ठरावीक भार आणि ठरावीक गिअर घेऊन सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. प्रत्येक कामानंतर हीच चाचणी घ्यावी. असे केले नाही तर कोणत्या कामाने फरक पडला ते कळत नाही आणि पैसे अंदाजावर खर्च होतात.

धुराचा रंगही बरेच सांगतो. काळा धूर हवेची कमतरता किंवा डिझेलचा अतिरेक दाखवतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट पेटत नाही, डिझेल फवारण्याची वेळ चुकली आहे किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरत आहे, अशी शंका घ्यावी.

शेकड्यांत होणारी कामे

पहिली तपासणी अगदीच किरकोळ वाटते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता पंपावरील दांडा शेवटपर्यंत जातो का, हे एकाने पेडल दाबून आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे. जुनी केबल ताणली गेलेली असते किंवा पेडलखाली पायपोस अडकत असतो. अशा वेळी इंजिनाला पूर्ण डिझेल कधी मिळतच नाही.

त्यानंतर एअर क्लीनर पाहावा. विटा, सिमेंट वाहणाऱ्या आणि कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी चोंदतो. डिझेल फिल्टर, टाकीतील जाळी आणि टाकीच्या झाकणाचे वायुछिद्रही तपासावे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत कोठे हवा शिरत असेल तर चढावर इंजिन अडखळते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा पाहाव्यात. नळीला बारीक चीर असली तरी दाबाखालची हवा बाहेर निसटते. गाडी काळा धूर सोडते आणि ओढत मात्र नाही.

टॅपेटचे अंतर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे लावून घेणे हेही याच टप्प्यातले काम आहे.

हजारांत होणारी कामे

पुढचा टप्पा नोझल आणि पंप यांचा. देशातील असंख्य डिझेल गाड्यांवर बंगळुरात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीचे पंप बसवलेले असत. २००८ पासून ही कंपनी बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होतात.

नोझल झिजले की डिझेलचा बारीक तुषार होण्याऐवजी थेंब किंवा धार पडते. ते पूर्ण जळत नाही, धूर वाढतो, ताकद घटते आणि धार पिस्टनवर आपटत राहिली तर पिस्टनही खराब होतो. नोझल काढून चाचणीयंत्रावर दाब आणि फवारा तपासून घ्यावा. पंप मात्र पंपाचेच काम करणाऱ्या, चाचणी-बाक असलेल्या कार्यशाळेकडे द्यावा. तेथे चारही सिलिंडरना सारखे डिझेल मिळते का, हे मोजता येते. पंप पुन्हा बसवताना त्याचे टायमिंग अचूक जुळवणे तितकेच महत्त्वाचे असते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन तपासावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच डिझेल पेट घेते. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले की हा दाबच पुरेसा होत नाही. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर दोष तेथेच शोधावा. अशा वेळी इंजिन बांधून घेण्यावाचून पर्याय उरत नाही आणि तो खर्च दहा हजारांच्या पटीत जातो. तो निर्णय कॉम्प्रेशनचे आकडे हातात आल्याशिवाय घेऊ नये.

ताकद इंजिनाबाहेरही हरवते

इंजिन उत्तम असूनही गाडी ओढत नाही, असेही घडते. क्लच प्लेट घसरत असेल तर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण वेग वाढत नाही. ब्रेक घट्ट बसले असतील तर इंजिन सतत त्यांच्याशी झगडत राहते. काही किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून चारही चाकांजवळ हात नेला असता एखादे चाक इतरांपेक्षा अधिक तापलेले जाणवले तर तेथे दोष आहे. टायरमध्ये हवा कमी असणे हेही ताकदीचे नुकसानच आहे.

हौसेने मोठे टायर बसवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की रस्त्यावरील ओढ तेवढीच घटते.

पंपाचा स्क्रू फिरवण्याचा मोह

यांत्रिक पंपावर डिझेलचे कमाल प्रमाण ठरवणारा एक स्क्रू असतो. तो थोडा फिरवला की अधिक डिझेल जाते आणि गाडी त्याच दिवशी चपळ वाटते. कमी खर्चाचा उपाय म्हणून तोच सर्वाधिक सुचवला जातो.

परंतु हवा तेवढीच असते. तिच्या क्षमतेपलीकडील डिझेल काळ्या धुरात जाते आणि निघणाऱ्या वायूंचे तापमान वाढते. लांब चढावर, पूर्ण भाराखाली हे तापमान बराच वेळ टिकून राहते. पिस्टन, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट आणि टर्बो यांचे आयुष्य त्यात खर्ची पडते. वाचवलेले चार पैसे पुढे इंजिन बांधण्यात जातात. नंतरच्या कॉमन रेल इंजिनांत हाच प्रकार संगणकीय नियंत्रणात बदल करून केला जातो. परिणाम वेगळे नसतात.

कायद्याची बाजूही आहे. भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांना धुराच्या चाचणीत ६५ हार्ट्रिज एककांची, तर स्टेज चारच्या वाहनांना ५० एककांची मर्यादा आहे. वाढवलेल्या डिझेलची गाडी या चाचणीत अडकू शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भूमिकेला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे दुसरे मोठे इंजिन किंवा मूळचा नसलेला टर्बो बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

सर्वांत स्वस्त अश्वशक्ती

एक साधा हिशेब पाहण्यासारखा आहे. भारासह २८०० किलो वजनाची पिकअप वीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी ४० किलोमीटर वेगाने न्यायची तर चाकांवर सुमारे २८ अश्वशक्ती लागते. तिच्यात ५०० किलो अधिक माल भरला तर आणखी सुमारे साडेचार अश्वशक्ती हवी. म्हणजेच ५०० किलो जादा माल उतरवणे हे साडेचार अश्वशक्ती मिळवण्यासारखेच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, हेही लक्षात घ्यावे.

वेगाचेही तसेच आहे. हवेचा विरोध कापण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जायचे तर ती दुपटीहून अधिक लागते. केबिनच्या वर चढवलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री तिच्यात भर घालतात. चढावर इंजिन दबेपर्यंत थांबू नये. वेळीच खालचा गिअर घ्यावा.

याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. इंजिनाची ताकद वाढवली तरी ब्रेक जुनेच राहतात. जो भार चढावर ओढता येतो, तो त्याच घाटातून उतरताना थांबवताही आला पाहिजे. म्हणून जुन्या पिकअपवर खर्च करण्यासाठी ठरावीकच रक्कम हाती असेल तर तिचा पहिला वाटा ब्रेक आणि टायर यांचा धरावा. त्यानंतर हवा, डिझेल, नोझल, पंप आणि कॉम्प्रेशन या क्रमाने गेल्यास गाडीचा मूळ दम बराचसा परत येतो. तरीही गाडी कमी पडत असेल तर दोष इंजिनाचा नसून काम गाडीच्या कुवतीबाहेरचे आहे, असे समजावे आणि एका खेपेच्या दोन खेपा कराव्यात.