पोर्शे ९११ ऑइल खाते, म्हणून इंजिन खोलायचं?

आपल्याकडे गाडी ऑइल खायला लागली, की गॅरेजवाला एकच निदान करतो : इंजिन कामाला आलंय. रोजच्या वापरातल्या गाडीबाबत तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण हाच न्याय जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ला लावला, की धडधाकट इंजिनं विनाकारण खोलली जातात. सहा सिलिंडरचं हे इंजिन पुन्हा नीट बांधून घ्यायचा खर्च एखाद्या नव्या छोट्या गाडीएवढा होतो. शिवाय कारखान्यातून आलेले मूळ भाग एकदा बदलले, की ते कायमचे गेले. म्हणून पाना हातात घेण्याआधी ऑइल जातं कुठे आणि आपण ते मोजतो कसं, हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्यानंतर १९९८पर्यंत तिच्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नव्हता. मागच्या बाजूला बसवलेलं इंजिन, दोन्ही अंगांना आडवे झोपलेले तीन-तीन सिलिंडर, त्यांच्यावर वारा घालणारा मोठा पंखा, आणि उरलेली उष्णता वाहून नेणारं ऑइल, अशी तिची रचना. ऑइल इथे वंगण तर आहेच, पण कूलंटचं अर्धं कामही तेच करतं. म्हणून मॉडेलप्रमाणे साधारण ९ ते १३ लिटर ऑइल या गाडीत असतं. साध्या गाडीत असतं त्याच्या दुप्पट-तिप्पट.

प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर नसेल, तर पिस्टन रिंग घासून संपतील. त्या थरातला थोडा अंश सतत जळत राहतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान एका ठरावीक पट्ट्यात राहतं. एअर-कूल्ड इंजिनाचं तापमान मात्र चढ, ऊन आणि वेग यांच्याबरोबर वरखाली होतं, आणि भागांना प्रसरण पावायला जागा ठेवावी लागते. १९८०च्या दशकातल्या ९११ कॅरेरा ३.२च्या माहितीपुस्तिकेत १००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं असं दिलेलं होतं. स्टुटगार्टहून हॅम्बुर्गला जायचं, म्हणजे साधारण साडेसहाशे किलोमीटर. या हिशेबाने एका बाजूच्या प्रवासात लिटरभर ऑइल संपलं तरी ते कंपनीच्या मर्यादेत बसतं. ही वरची मर्यादा आहे, सुस्थितीतलं इंजिन यापेक्षा बरंच कमी घेतं. पण सर्व्हिसिंगपासून सर्व्हिसिंगपर्यंत डिपस्टिकला हात न लावणाऱ्या आजच्या चालकाला अर्धा लिटर ऑइलही भलतंच वाटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा मोजण्यात होतो. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक काढायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. ९११मध्ये नेमकं याच्या उलट करावं लागतं. इथे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. पंप ते तिथून खेचून वेगळ्या टाकीत पाठवतो आणि डिपस्टिक त्या टाकीत असते. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन पुरतं तापलेलं असताना, आयडलवर चालू ठेवूनच पातळी पाहायची. इंजिन बंद राहिलं, की टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं. सकाळी थंड गाडीत डिपस्टिक जवळजवळ कोरडी निघते, मालक घाबरून लिटर-दीड लिटर ओततो, आणि गाडी तापल्यावर टाकी ओसंडते. जादा ऑइल टाकीच्या ब्रीदरवाटे एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून सिलिंडरमध्ये, आणि एक्झॉस्टमधून निळ्या धुराचा लोट निघतो. मग गाडी धूर मारते आणि ऑइलही खाते, अशी खात्री पटते. इथे इंजिनाचा काहीही दोष नसतो. जाणते मालक पातळी दोन खुणांच्या मधोमध ठेवतात आणि एका वेळी पाव-अर्ध्या लिटरहून जास्त ऑइल घालत नाहीत.

डॅशबोर्डवर ऑइलच्या पातळीचा काटा असतो, त्यानेही अनेकांची झोप उडते. ऑटोबानवर वेग घेतला, की तो खाली शून्याकडे जातो. त्या वेळी बरंचसं ऑइल इंजिनात फिरत असतं आणि टाकीत कमी असतं, एवढाच त्याचा अर्थ. तो काटाही तापलेल्या इंजिनावर, आयडलवर, सपाट जागीच वाचायचा. चालत्या गाडीत लक्ष ठेवायचं ते ऑइलच्या दाबावर आणि तापमानावर.

टाकीचा विषय निघालाच आहे, तर १९७२च्या मॉडेलची गोष्ट सांगायला हवी. वजनाचा तोल सुधारावा म्हणून त्या वर्षी टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि ऑइल भरायचं झाकण उजव्या दाराच्या मागे, बाहेरच्या पत्र्यावर दिलं. पंपावरच्या लोकांना ते पेट्रोलचं झाकण वाटे आणि ऑइलच्या टाकीत पेट्रोल पडे. पुढच्याच वर्षी टाकी जुन्या जागी गेली. आज तेच झाकण असलेल्या गाड्यांना संग्राहक शोधत फिरतात.

आता लांबच्या प्रवासाचा मुद्दा. शहरात फिरताना ऑइल अजिबात कमी होत नाही आणि लांब गेलं की भसकन उतरतं, ही तक्रार खरी आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि ज्वलनातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये मिसळत राहतं. जेवढं ऑइल जळतं, तेवढीच ही भर पडते, म्हणून डिपस्टिकवर पातळी जिथल्या तिथे दिसते. मग दोन-तीन तास सलग गाडी पळाली, ऑइल चांगलं तापलं, की पेट्रोल आणि पाणी उडून जातं आणि आठवड्यांची लपलेली तूट एका दिवसात उघडी पडते. मला तर शहरातली न हलणारी पातळीच जास्त काळजीची वाटते, कारण पेट्रोल मिसळलेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण नीट करत नाही.

वेगाचा वाटाही आहेच. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० वरून २०० वर गेलं, की इंजिनाचे फेरे दुप्पट होतात. रिंगांवरून निसटणारे वायू वाढतात आणि ब्रीदरवाटे ऑइलचा धुरळा सोबत नेतात. त्यामुळे ऑटोबानवरच्या एका धावेवरून ऑइलचा खर्च ठरवू नये, आणि रविवारच्या फेरफटक्यावरूनही नाही.

सुरू करताना निघणाऱ्या धुराबद्दल थोडक्यात : सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडं ऑइल रिंगांतून आत झिरपतं. गाडी एका अंगावर कलती उभी असेल तर जास्तच. सुरू होताना एक ढग निघून लगेच विरला, तर त्याचं काही मनावर घेऊ नये.

याच्या अगदी उलट चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे इंजिन ठणठणीत, असं समजून लोक गाडी विकत घेतात. कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाऊन टेस्ट रिंगांची आणि व्हॉल्व्हच्या बैठकीची परीक्षा घेतात. या इंजिनाचं नेहमीचं दुखणं असतं व्हॉल्व्ह गाइडचं, विशेषतः कॅरेरा ३.२ आणि त्यानंतरच्या ९६४ मॉडेलमध्ये. गाइड व्हॉल्व्हच्या पलीकडे असतं. चाचणीच्या वेळी व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे झिजलेल्या गाइडपर्यंत हवेचा दाब पोचतच नाही आणि आकडे सुरेख येतात. गाइड ओळखायचं ते धुराच्या वेळेवरून. आल्प्समधला लांब उतार गिअरवर उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला आणि निळा धूर आला, तर संशय गाइडवर घ्यावा; थ्रॉटल मिटलेला असताना इंजिनातलं व्हॅक्युम ऑइल आत ओढून घेतं. चढावर, पूर्ण जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगा. सगळे प्लग काढून शेजारी शेजारी मांडले, तर कोणत्या सिलिंडरमध्ये ऑइल येतं तेही बरंच कळतं.

जाड ऑइल घातलं की प्रश्न मिटतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. या गाड्यांत २०W-५० वापरलंच जातं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याहून जाड ऑइल किंवा घट्ट करणारं बाटलीतलं औषध झिजलेलं गाइड भरून काढत नाही. उलट थंड सकाळी ते उशिरा पोचतं, आणि इंजिनाची झीज त्या पहिल्या काही क्षणांतच सर्वात जास्त होते. १९८४पासून टायमिंग चेनचे टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतात, हे विसरू नये.

गळतीकडेही लक्ष हवं. खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं धरून चालता येत नाही. काही सांधे इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावरच गळतात, आणि ते ऑइल वाऱ्याबरोबर उडून जातं किंवा एक्झॉस्टवर पडून जळतं. या गाडीचा हीटर एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरवरून गरम हवा आत आणतो. हीटर लावल्यावर जळक्या ऑइलचा वास आला, तर आधी ऑइल रिटर्न ट्यूब, चेन कव्हर आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट पाहावीत. यातली बरीच कामं इंजिन न खोलता होतात.

खरा आकडा हवा असेल तर ऑइल बदलल्यावर, गाडी तापवून, पातळी मधल्या खुणेवर आणावी आणि मिश्र वापराच्या किमान हजारेक किलोमीटरमध्ये घातलेलं प्रत्येक पाव लिटर वहीत लिहावं. पेट्रोल पंपावर इंजिन बंद ठेवावं लागतं, म्हणून मोजायचं ते पंपातून बाहेर पडून, सपाट पार्किंगमध्ये. अशा दोन-तीन नोंदी सारख्या आल्या तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. आकडा अचानक दुप्पट झाला, एखादा प्लग वारंवार ऑइलने भिजू लागला, किंवा धूर कायमचा झाला, तर हेड उतरवावं. आणि पातळी बरोबर असूनही धावत्या गाडीत दाबाचा काटा कोसळला, तर इंजिन तिथेच बंद करून गाडी टो करून न्यावी.