फुंकरीतली बातमी

गुऱ्हाळावर कधी गेलाय का? दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या बाजूला काहिलीत रस रटरटत असतो आणि खाली चुलवाणात एक माणूस सारखी चिपाडं सारत असतो. गरम गूळ आपण खातो, धूर मात्र त्याच्या छातीत जातो. फुंकणीने चूल पेटवणाऱ्या आजीचंही तेच! धुराचे बारीक कण खोल जातात आणि श्वासनलिका आतून सुजतात.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं केंद्र आहे. तिथल्या गावांत लोकांना स्पायरोमीटरमध्ये जोरात फुंकायला लावलं, तेव्हा कळलं की जन्मात विडी न ओढलेल्यांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार होतो. हे यंत्र हवा किती आणि किती वेगाने बाहेर येते ते सांगतं. पण सूज? ती कशी मोजायची?

तीही श्वासातच सापडते! १९९१ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सापडला. दम्याच्या सुजेत श्वासनलिकांचं अस्तर तो जास्त बनवतं. तरी तो असतो इवलासा. लहान मुलांमध्ये हवेच्या १ अब्ज रेणूंमागे याचे २० पेक्षा कमी असले तर ठीक, ३५ च्या वर गेले की डॉक्टर सावध होतात.

हा वायू मोजायला सुई नाही, रक्त नाही. यंत्राच्या नळीतून छातीभर हवा घ्यायची आणि सावकाश, एकसारखी सोडायची. मोठ्यांनी १० सेकंद, छोट्यांनी ६. काही यंत्रांच्या पडद्यावर ढग दिसतो; फुंकर कमीजास्त झाली की तो वरखाली पळतो. त्याला दोन रेघांच्या मधे धरून ठेवायचं, हे भलतंच अवघड! आणि हो, तपासणीला जाण्याआधी पालकाची भाजी खायची नाही. पालकातल्या नायट्रेटमुळे हा आकडा फुगतो.

गंमत म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा उलट कमी येतो, म्हणून एवढ्यावर भागत नाही. सीओपीडीतली सूजही बऱ्याचदा वेगळ्या जातीची असते. तिच्यासाठी संशोधक उच्छ्वास थंडगार नळीतून नेतात, त्याचे थेंब गोळा करतात आणि त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड शोधतात. सुजलेल्या फुप्फुसातून ते जास्त बाहेर पडतं.